बेकारीचा दोष कोणाच्या माथी?

कामचुकार आहेत, फुकटचे खायला सोकावले आहेत, सरकारने हातावर पैसे ठेवले तर कोण कशाला घाम गाळील? बेकारांविषयी असे बोलणारी माणसे आपल्याला नवीन नाहीत. बोलणारा स्वतः बहुधा पगारी असतो किंवा वाडवडिलांच्या मिळकतीवर बसलेला असतो, ही गोष्ट वेगळी. पण हे फक्त आपल्या चावडीवरचे बोलणे नाही. युरोपातील नामांकित विद्यापीठांत, मोठमोठ्या आर्थिक संस्थांच्या अहवालांत हेच बोलणे सूत्रे आणि आलेख लावून बोलले गेले आहे. गोऱ्या अर्थतज्ज्ञाने ते इंग्रजीत लिहिले की आपल्याकडचे अर्थतज्ज्ञ ते डोळे मिटून उचलतात. म्हणून युरोपात बेकारीवर जे संशोधन झाले त्यातले खरे काय आणि कोणाच्या सोयीचे काय, हे चळवळीच्या वाचकाने स्वतः तपासून घेतले पाहिजे असे आम्हास वाटते.

सुरुवात एका गावापासून करू. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर ग्रामाटनॉयझीडल हे गाव आणि त्याला लागून मारियनथाल ही गिरणी कामगारांची वसाहत. १८३० साली इथे सूतगिरणी निघाली आणि शंभर वर्षे सगळी वसाहत तिच्या भोंग्यावर जगली. १९२९-३० साली, जागतिक मंदीच्या तडाख्यात, गिरणी बंद पडली. ४७८ कुटुंबांपैकी ३६७ कुटुंबांत कमावता माणूस एकही उरला नाही. लालबाग-परळमध्ये ज्यांच्या बापाची गिरणी गेली त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या वेळी व्हिएन्नात काही तरुण समाजवादी संशोधक काम करीत होते. पॉल लाझार्सफेल्ड, मारी याहोडा, हान्स झायझेल. कामगारांच्या फुरसतीच्या वेळेचा अभ्यास करावा असे लाझार्सफेल्डच्या मनात होते. समाजवादी पक्षाचे नेते ओटो बाउअर यांनी त्याला झापले. माणसे कामाला मोताद झाली असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता? बेकारीचा करा. पुढाऱ्याने संशोधकाचे कान धरावेत आणि त्यातून एक अजरामर ग्रंथ निघावा, असे क्वचितच घडते. इथे ते घडले. १९३१-३२ च्या हिवाळ्यात ही मंडळी मारियनथालला गेली. त्यांनी आधीच ठरवले होते की कोणीही नुसता वही-पेन घेऊन बघ्या म्हणून गावात फिरायचे नाही; गावाच्या काहीतरी उपयोगी पडूनच माहिती मिळवायची. व्हिएन्नातून सुमारे दोनशे किलो जुने कपडे गोळा करून वाटले. डॉक्टर आणून तपासणी ठेवली, शिवणकामाचे वर्ग घेतले. लोटे डान्झिंगर ही संशोधक तर गावातच राहिली. गरिबांच्या वस्तीत सर्वेक्षणाचा अर्ज घेऊन येणारे आणि पुन्हा तोंड न दाखवणारे साहेब आपण पाहिले आहेत. त्यांच्यापुढे हा नमुना ठेवावा.

त्यांनी काय मोजले? सगळेच मोजले. सुमारे तीस किलो कागद जमले म्हणतात. त्यातील एक गोष्ट आम्हास सर्वांत बोलकी वाटते. दुपारच्या वेळी गावाच्या मुख्य रस्त्याने जाणारी शंभर माणसे त्यांनी खिडकीतून पाहिली आणि कोण किती वेळा थांबतो याची नोंद केली. पुरुषांपैकी दोन तृतीयांश माणसे दोन किंवा अधिक वेळा वाटेत थांबत होती. न थांबता रस्ता संपवणारा दहात एखादाच. कुठे जायचेच नव्हते, तर चालायचे कशाला? शंभर पुरुषांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांच्या अंगावर घड्याळ नव्हते. दिवसभरात काय केले हे लिहून द्या म्हटले तर उठलो, जेवलो, झोपलो यापलीकडे त्यांना आठवेना.

आणि बायका? त्या मात्र भराभर चालत होत्या. त्यांना घर होते, चूल होती, मुलांचे फाटके कपडे होते, आता तर पूर्वीपेक्षा कमी पैशात सगळे भागवायचे होते. म्हणजे गिरणी बंद पडून त्यांचा पगार गेला, काम गेले नाही. बाईच्या कामाला काम न म्हणणाऱ्या अर्थशास्त्राला १९३३ सालीच हे उत्तर मिळाले होते.

आता आळशीपणाच्या आरोपाकडे या. ऑस्ट्रियात बेकारी विम्याचा कायदा १९२० पासून होता. ठरावीक आठवडे भत्ता मिळे, मग आणखी तोकडी मदत आणि तीही संपली की काहीच नाही. भत्ता घेताना चार पैशांचे काम केलेले आढळले तर भत्ता बंद. एकाने झाडे तोडायला मदत केली आणि बदल्यात सरपण घेतले. त्याचा भत्ता गेला. एका बाईने घरोघर दूध पोचवले आणि मुलांसाठी थोडे दूध घेतले, तिचा गेला. एकाने बाजा वाजवून चार नाणी मिळवली, त्याचाही गेला. म्हणजे हातपाय हलवायचा प्रयत्न केला की शिक्षा. मग हेच लोक हातपाय हलवत नाहीत म्हणून बोंब मारायची! या नियमाने आणखी एक विष पेरले. शेजाऱ्याविरुद्ध निनावी तक्रारी वाढल्या. गिरणी बंद होण्याआधीच्या वर्षाच्या तुलनेत त्या तिपटीने वाढल्या, आणि तपासात त्यातल्या बहुतेक खोट्या निघाल्या. उपाशी माणसाला उपाशी माणसावर पाळत ठेवायला लावण्याची ही रीत कोणत्याही व्यवस्थेला फार स्वस्तात पडते.

चळवळीतील कार्यकर्त्यांनी ज्यावर थांबून विचार करावा असा भाग आता येतो. मारियनथाल हे राजकीयदृष्ट्या जागे गाव होते. कामगारांचे वाचनालय होते, क्लब होते, नाटक होते, पक्षाचे वर्तमानपत्र घरोघर येत होते. माणसांना आता वेळच वेळ मिळाला, तेव्हा वाचन वाढायला हवे होते की नाही? वाचनालयाची फी माफ केली होती. तरी १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. पक्षाच्या गंभीर दैनिकाचे वर्गणीदार निम्म्याहून अधिक घटले; हलक्याफुलक्या स्वस्त पत्राचे त्या मानाने कमी घटले. (वर्गणी थकली की वाचक फितूर झाला असे समजणाऱ्या आमच्यासारख्या संपादकी मंडळींनी हे कानाला खडा लावून वाचावे.) पक्षाचे, क्लबांचे सभासद गळाले. भुकेने माणूस पेटून उठतो, हलाखी वाढली की क्रांती जवळ येते, असे त्या काळचे पुष्कळ डावे पंडित सांगत. मारियनथालने ते खोटे ठरवले. दर दहा कुटुंबांत सुमारे सात कुटुंबे निमूट झाली होती. घर नीटनेटके, मुलांची काळजी आहे, पण उद्याचा बेत नाही, कशाची आस नाही. खचून न गेलेली कुटुंबे चारात एक देखील नव्हती. बाकीची पार कोलमडलेली.

हा फरक माणसांच्या स्वभावाचा होता का? संशोधकांनी उत्पन्नाशी ताडून पाहिले. न खचलेल्यांचे उत्पन्न माणशी महिना सरासरी ३४ शिलिंग, निमूट झालेल्यांचे ३०, निराश झालेल्यांचे २५ आणि पार कोलमडलेल्यांचे १९. माणसाच्या हिमतीत आणि हताशेत चार-पाच शिलिंगांचे अंतर होते. ज्यांनी कधी भाकरीचा तुकडा मोजून खाल्ला नाही त्यांनी 'इच्छाशक्ती'वर व्याख्याने देण्यापूर्वी हे आकडे पाहावेत. मुलांच्या इच्छाही आटल्या होत्या. नाताळला काय हवे ते लिहा असे शाळेत सांगितले, तर या मुलांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत आसपासच्या गावांतील मुलांच्या मागणीच्या सुमारे एक तृतीयांश भरली.

ग्रंथ १९३३ साली जर्मनीत छापला गेला, तो हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी. लेखकांची नावे ज्यू असल्याने मुखपृष्ठावर घातली नाहीत. याहोडा यांना ऑस्ट्रियाच्या हुकूमशाही सरकारने १९३६ साली भूमिगत कार्याबद्दल तुरुंगात टाकले आणि देश सोडण्याच्या अटीवर १९३७ साली सोडले. त्या इंग्लंडला गेल्या. पुढे आयुष्यभराच्या अभ्यासातून त्यांनी मांडले की नोकरी पगाराव्यतिरिक्त आणखी काही देते. दिवसाला आकार देते, घराबाहेरच्या माणसांशी गाठ घालून देते, आपण सर्वांच्या कामात सामील आहोत ही जाणीव देते, समाजात जागा देते, हातांना व्यवसाय देते. नोकरी जाते तेव्हा हे सगळे जाते. हे विवेचन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात पंचवीस वर्षे बेकारी फार थोडी होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर ती चढत गेली आणि १९८० च्या दशकात अनेक देशांत दहा टक्क्यांच्या घरात पोचली. कारण काय? पॅरिसमधील श्रीमंत देशांची आर्थिक संघटना, जिला ओईसीडी म्हणतात, तिने १९९४ साली मोठा अहवाल काढला. त्याचा रोख असा होता की नोकरीला संरक्षण जास्त, भत्ते उदार, वेतन लवचीक नाही, म्हणून बेकारी. उपाय म्हणजे संरक्षण सैल करा, भत्त्याला कात्री लावा, पगार ढिले सोडा. कामगाराला जे लढून मिळाले होते तेच त्याच्या रोगाचे कारण ठरले!

या अहवालामागे एक संकल्पना होती. बेकारीची एक 'नैसर्गिक' पातळी असते, तिच्याखाली बेकारी नेली तर मजुरी आणि महागाई भडकते, असे ती सांगते. आता गंमत पाहा. स्पेनमध्ये २००७ साली बेकारी आठ टक्क्यांच्या आसपास होती. २००८ चे बँकांचे संकट आले, बांधकामाचा फुगा फुटला, आणि २०१३ साली ती २६ टक्क्यांवर गेली; तरुणांत तर निम्म्याहून अधिक बेकार. स्पॅनिश माणूस सहा वर्षांत तिप्पट आळशी झाला काय? पण युरोपीय आयोगाच्या गणिताने स्पेनची ती 'मूळची' बेकारीसुद्धा वीस टक्क्यांच्या वर दाखवली. ती पातळी आधीच्या वर्षांच्या प्रत्यक्ष बेकारीवरूनच काढली जात होती, मग दुसरे काय होणार? ताप चढला तसा थर्मामीटरवरचा शून्याचा आकडा वर सरकवायचा आणि रोग्याला ताप नाही म्हणायचे, असा हा प्रकार. सरकारने किती खर्च करावा याच्या मर्यादा अशाच अंदाजांवर ठरत होत्या, त्यामुळे या गणिताची झळ प्रत्यक्ष शाळा-दवाखान्यांना लागली.

सगळेच अर्थतज्ज्ञ एका माळेचे मणी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ऑलिव्हिए ब्लँशार आणि लॉरेन्स समर्स यांनी १९८६ सालीच दाखवले होते की मंदीने आलेली बेकारी लांबली तर ती आपोआप जात नाही, मुरते. डीन बेकर, अँड्र्यू ग्लिन, डेव्हिड हॉवेल, जॉन श्मिट या चौघांनी निरनिराळ्या देशांचे आकडे पुन्हा तपासले आणि कामगार-संरक्षणामुळे बेकारी वाढते हा दावा फार ठिसूळ पुराव्यावर उभा आहे असे दाखवून दिले. शेवटी ओईसीडीनेही २००६ साली मान्य केले की कमी बेकारीचे मार्ग एकाहून अधिक आहेत. डेन्मार्कसारखे देश उदार भत्ते आणि प्रशिक्षण देऊनही बेकारी कमी ठेवतात. भत्त्याची मुदत लांबवली तर काही माणसे थोडी उशिरा नोकरी धरतात, असे पुष्कळ अभ्यासांत आढळले आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण उशिरा नोकरी धरणे निराळे आणि नोकऱ्याच नसणे निराळे. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे ही लबाडी आहे.

जर्मनीत २००२ साली फोक्सवॅगन कंपनीचे अधिकारी पीटर हार्ट्झ यांच्या समितीने शिफारशी केल्या आणि १ जानेवारी २००५ पासून दीर्घकाळच्या बेकारांची मदत किमान निर्वाहाच्या पातळीवर आणली गेली. पश्चिम जर्मनीत एकट्या माणसाला महिना ३४५ युरो, पूर्वेत ३३१. अट मोडली की त्यातही कपात. बेकारी पुढे घटली, आणि ती या कपातीमुळेच घटली असे जगभर सांगितले गेले. ख्रिस्तियान डुस्टमान आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडले की जर्मनीच्या उभारीचे मोठे कारण १९९० च्या दशकापासून वेतनाच्या वाटाघाटी कारखाना पातळीवर येऊ लागल्या हे होते. हार्ट्झ सुधारणा त्यामानाने दुय्यम. कपातीचा प्रश्न न्यायालयात गेला. ५ नोव्हेंबर २०१९ रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने निर्णय दिला की माणसाच्या प्रतिष्ठेला लागणारा किमान निर्वाह तीस टक्क्यांहून अधिक कापता येणार नाही. खुद्द हार्ट्झ साहेबांना कंपनीच्या पैशाचा गैरवापर केल्याबद्दल २००७ साली शिक्षा झाली होती, दोन वर्षांची, स्थगित. गरिबाला शिस्त लावणारे हात किती स्वच्छ होते एवढेच यातून कळते.

इथे आम्हास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणे साहजिक आहे. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन सिद्ध केले. त्यात बेकारीचा विचार त्यांनी मूलभूत हक्कांच्या संदर्भात केला आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की ज्याला काम नाही त्याला मूलभूत हक्कांचा उपयोग काय हे त्यालाच विचारावे. उपासमारीच्या भयाने तो मिळेल त्या अटी मान्य करतो आणि नोकरीच्या बदल्यात स्वातंत्र्य सोडून देतो. बाबासाहेब अर्थशास्त्री होते, लंडनला शिकलेले होते. मजुराने स्वस्तात विकले जावे म्हणजे बेकारी मिटेल, हे शास्त्र त्यांनाही माहीत होते. त्यांनी तो प्रश्न मजुरीच्या भावातून काढून माणसाच्या स्वातंत्र्याच्या पंक्तीला बसवला. मारियनथालच्या रस्त्यावर घुटमळणारी माणसे आणि हे निवेदन यांच्यात आम्हास सरळ नाते दिसते.

मारियनथालची कथा १९३३ ला संपली नाही. त्याच ग्रामाटनॉयझीडलमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये लोअर ऑस्ट्रिया प्रांताच्या रोजगार सेवेने एक प्रयोग सुरू केला. बारा महिन्यांहून अधिक काळ बेकार असलेल्या गावातील प्रत्येकाला कामाची हमी. आधी आठ आठवडे तयारी, समुपदेशन, आणि नंतर किमान ठरलेल्या वेतनश्रेणीप्रमाणे पगाराचे काम. काम घेणे पूर्ण ऐच्छिक. नको म्हटले तर भत्ता तोडायचा नाही. माणसाची तब्येत, वय, कसब पाहून काम ठरे. कोणी जुने फर्निचर दुरुस्त करी, कोणी गावातील बागा सांभाळी, कोणी म्हाताऱ्यांच्या मदतीला जाई. रोजगार हमी ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे ती योजना चालली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण आपल्याकडे हमी म्हणजे खडी आणि माती. पदवी घेतलेल्या पोरालाही तीच खडी. ऑस्ट्रियात माणूस पाहून काम दिले. हा फरक नोंदवण्यासारखा आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील मॅक्सिमिलियन कासी आणि लुकास लेनर यांनी प्रयोगाची तपासणी केली. सहभागी ६२ जणांचे सोडत पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाला आधी काम, दुसऱ्याला काही महिन्यांनी. मधल्या काळात दोघांची तुलना करायची. शिवाय आसपासच्या तशाच गावांशी या गावाची तुलना केली. आणि त्यांनी मोजले काय? उत्पन्न आणि आर्थिक स्थैर्य तर मोजलेच, पण दिवसाचा आकार, माणसांशी संबंध, समाजातील मान, सामूहिक उद्देश हेही मोजले. याहोडा यांनी सांगितलेल्याच गोष्टी, त्याच गावात, नव्वद वर्षांनी. या सर्वांत काम मिळालेल्यांची स्थिती स्पष्टपणे सुधारलेली आढळली. शारीरिक आरोग्यात मात्र फरक दिसला नाही, आणि संशोधकांनी तो नाही असेच लिहिले. गावातील दीर्घकालीन बेकारी जवळजवळ नाहीशी झाली.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांना काम देऊ केले त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांनी ते घेतले. सक्ती नव्हती, नाकारल्यास शिक्षा नव्हती, भत्ता घरी बसून मिळत होता, तरी घेतले. वर्षानुवर्षे नोकरी नसलेली, कोणी पन्नाशी ओलांडलेली, कोणी आजारी, अशी ही माणसे होती. आणि खर्च? बेकाराला घरी बसवून सरकारी तिजोरीला वर्षाकाठी सुमारे तीस हजार युरोंचा भार पडत होता. कामाची हमी देऊन पडला तोही जवळजवळ तेवढाच.

प्रयोगाचा निधी ठरावीक मुदतीचा होता. २०२४ साली तो संपला. तोपर्यंत ऑस्ट्रियाने कामाची हमी देशभर हक्क म्हणून मान्य करणारा कायदा केलेला नव्हता.